मायटर सॉ घरी वापरायचा आहे, काय काय सांभाळावे?

पडवीकर
नमस्कार मंडळी. आमची वाडी देवगड तालुक्यात, समुद्र ऐकू येईल इतक्या अंतरावर. मागच्या पडवीला पत्रे घालून छोटी कार्यशाळा केली आहे. हाताची करवत, रंधा, पटाशी यांवर बरीच वर्षे काढली. आता १० इंची मायटर सॉ, म्हणजे फिरते पाते वरून खाली आणून लाकूड हव्या त्या कोनात कापणारी विजेची करवत, घेतला आहे, साधा, म्हणजे पुढेमागे सरकणारा नाही. कामे ठरलेली आहेत: चतुर्थीला माटवीची (गणपतीच्या वर फळे-पाने टांगतात ती) चौकट नवी करायची, देवघराला ४५ अंशांच्या जोडाची पट्टी फिरवायची आणि जुन्या घराच्या उतरवलेल्या रिपा-वाशांतून होईल तेवढे लाकूड वापरात आणायचे.

वाडीतले सुतार फार हुशार माणूस, पण त्यांच्या मशीनचा खालचा गार्ड, म्हणजे पाते झाकणारे कवच, तारेने वर बांधलेला. "गार्ड असला की रेघ दिसत नाही" म्हणतात. मला ते पटत नाही, पण त्यांच्यासमोर बोलणार कोण? घरी वापरणाऱ्यांनी आपापली पद्धत सांगावी. लहान तुकडे कसे कापता, हे विशेष करून हवे आहे. आमच्याकडे लाईटचाही भरवसा नसतो, त्यावरही कोणी लिहा.

बाबानू
गार्ड वर बांधून काम करणारे सगळे ह्याच सांगतत, रेघ दिसणा नाय म्हणान. अरे, रेघ बघूची आसा तर मशीन बंद असताना बघा ना! पाता हळूच खाली आणा, दात रेघेक लागतत काय बघा, लाकूड आवळा, पाता वर घ्या, मगे चालू करा. फिरता पाता बघीत रेघ जुळवूची गरजच काय?

रंधा_आणि_पटाशी
पडवीकर, अभिनंदन. माझे घर दापोलीकडे, घरच्या कामापुरता हाच प्रकार बरीच वर्षे वापरतो आहे. थोडे लांबण लावतो, कारण नियमांची यादी सगळे पाठ म्हणतात, पण मशीन नेमके करते काय ते कळले की अर्धे नियम आपोआप सुचतात.

पाते फिरताना पुढच्या बाजूने खाली येते आणि तळाशी दात तुमच्याकडून मागच्या फेन्सकडे, म्हणजे लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीकडे जातात. म्हणजे मशीन लाकडाला सतत फेन्सवर ढकलत असते. लाकूड आधीच फेन्सला चिकटून बसलेले असेल तर हे तुमच्या फायद्याचे. पण मध्ये बोटभर फट राहिली, की पाते लाकूड त्या फटीएवढे झटक्यात मागे खेचते, आणि ते धरलेला हातही सोबत जातो. बहुतेक अपघातांत माणूस पात्यात हात घालत नाही, लाकूड हाताला तिकडे घेऊन जाते. त्यामुळे पात्याची भीती बाळगण्यापेक्षा लाकूड हलणार नाही याची खात्री करा. क्लॅम्प, म्हणजे लाकूड आवळणारी पकड, हे पहिले हत्यार, पाते दुसरे.

वेगाचा हिशोब करून बघा. १० इंची पात्याचा घेर जवळजवळ ८० सेंटीमीटर. मशीन मिनिटाला ५,००० फेरे मारत असेल तर दातांचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास जातो. "हात मागे घेईन" वगैरे आपण म्हणतो, ते होत नाही.

लाकडाला बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सला लावा. उलटे ठेवलेत तर कापताना दोन्ही बाजू मिटतात आणि पाते चिमटीत धरतात. फळीत पीळ असेल, टेबलावर ठेवून टोक दाबल्यावर डुगडुगत असेल, तर ती आधी रंधून एक बाजू सरळ करा किंवा त्या मशीनवर आणूच नका.

कापण्याचा क्रम असा ठेवतो. लाकूड आवळले, मशीन बंद असताना एकदा पाते खाली आणून मोकळे फिरते का पाहिले, तिरक्या कोनात गार्ड किंवा मोटर फेन्सला थटते का तेही पाहिले. मग ट्रिगर दाबला, पूर्ण वेग येऊ दिला, आणि मगच खाली. जोर द्यायचा नाही, मोटरचा आवाज बसायला लागला की आपण घाई करतोय. कापून झाल्यावर पाते खालीच ठेवून ट्रिगर सोडायचा आणि पूर्ण थांबल्यावर वर घ्यायचे. हे शेवटचे सगळे विसरतात. पात्याच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात, फिरते पाते उचललेत की सुटलेली ढलपी त्यांना लागते आणि बंदुकीतून सुटल्यासारखी जाते. कधी पत्र्यावर, कधी कपाळावर.

हात पात्यापासून निदान ६ इंच. टेबलावर दोन्ही बाजूंना रंगाने रेघ मारून टाका, त्या रेघेच्या आत हात न्यायचा नाही. डाव्या बाजूचे लाकूड उजव्या हाताने धरायचे नाही, हातांची कात्री करायची नाही.

गुहागरी_मेवा
रंधादादा, मस्त लिहिलेत. माझी भर: जाड चामड्याचे हातमोजे घाला. ढलपी घुसत नाही आणि पकडही चांगली बसते.

रंधा_आणि_पटाशी
मोज्यांना माझा ठाम विरोध. फिरत्या यंत्रापाशी मोजा नको. कातडीला दात लागला तर जखम होते, मोज्याला लागला तर मोजा गुंडाळत हात आत ओढतो. पाते बदलताना मात्र जरूर घाला, तेव्हा प्लग काढलेला असतो आणि दात बोटे सोलतात. हाच न्याय उपरणे, सैल बाह्या, हातातला गंडादोरा, अंगठी, लोंबणारी जानवी यांनाही. लुंगी नेसून करत असाल तर कमरेला घट्ट खोचा, उघड्या पायांनी तर उभे राहूच नका.

गुहागरी_मेवा
पटले. पण मग आमच्याकडचे सगळे मिस्त्री मोजे घालून करतात ते?

बाबानू
सगळे मिस्त्री हेल्मेट न घालता बाईक पण चालवतत.

वायरिंगवाला
लाईटचा विषय निघाला म्हणून लिहितो. घरगुती वायरिंगची कामे करतो, रत्नागिरी जिल्ह्यात.

१० इंची मशीन साधारण १,६५० ते १,८०० वॉटचे. २३० व्होल्टला ७ ते ८ अँपिअर, आणि चालू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. पंखा-दिव्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर हे लावू नका. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, आणि मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच लाईन तोडणारा स्विच) असलीच पाहिजे. पावसाळ्यात पडवीची फरशी ओली असते, माणूस घामाने ओला असतो, तिथे आरसीसीबी जीव वाचवते. चालू करताच एमसीबी पडत असेल तर मोठी एमसीबी टाकून मोकळे होऊ नका. बी प्रकारची असेल तर त्याच अँपिअरची सी प्रकारची, म्हणजे चालू होतानाचा क्षणभराचा भार सोसणारी, बसवून घ्या.

बऱ्याच मशीनना दोनच पिना असतात. अर्थिंग नाही म्हणून घाबरू नका, चौकोनात चौकोन अशी खूण बॉडीवर असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचे मशीन आहे.

एक्स्टेंशन वायर: मांडववाल्यांकडची बारीक वायर घेऊन मशीन चालवतात आणि मग "दम नाही" म्हणतात. २० मीटर लांब घ्यायची असेल तर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, आणि वापरताना गुंडाळी पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर तापते. संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज खाली येते तेव्हा पात्याचा वेगही उतरतो, आणि कमी वेगात पाते लाकडात अडकायची शक्यता वाढते. दिवे पिवळे दिसायला लागले की काम आवरते घ्या.

लाईट गेली तर? ट्रिगर सोडा, पण मशीनपासून हात लांबच ठेवा. पाते तेव्हाही फिरत असते, आणि अंधारात ते दिसत नाही. आवाज पूर्ण थांबला की प्लग काढा. कार्यशाळेत बॅटरीवरचा एक दिवा कायम लावलेला ठेवा, खास याचसाठी. घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालवायचा विचारही नको.

पडवीकर
वायरिंगवाले, तुम्ही सांगितलेला बॅटरीचा दिवा उद्याच लावतो. आता लहान तुकड्यांचे सांगा ना कोणी. देवघराच्या पट्टीचे काही तुकडे जेमतेम तीन इंचांचे आहेत, दोन्ही टोकांना ४५ अंश.

रंधा_आणि_पटाशी
हेच खरे धोक्याचे काम. तीन इंचांचा तुकडा हातात धरून कापायचा नाहीच. पट्टी लांब असतानाच एक टोक ४५ ला कापा. मग मशीन उलट कोनाला फिरवा, लांब पट्टी क्लॅम्पने आवळा आणि तीन इंचांवर दुसरा काप द्या. तुकडा सुटा होऊन पडेल, पाते थांबल्यावर उचला. त्याला हात लावायची गरजच पडत नाही.

सुटा तुकडा पात्याच्या उघड्या फटीत पडतो किंवा आडवा फिरून दातांत जातो, ही अडचण येईल. म्हणून टेबलावर आणि फेन्सला १२ मिमी प्लायचा एक एक तुकडा स्क्रूने बसवा, स्क्रू पात्याच्या वाटेपासून लांब, आणि त्यातूनच एकदा काप द्या. आता फट नेमकी पात्याच्या जाडीएवढी उरते, तुकड्याला खालून-मागून आधार मिळतो आणि कडेचे दोरेही निघत नाहीत. स्वस्तातली याहून चांगली सोय मला माहीत नाही.

एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असतात तेव्हा लोक फेन्सला ठोकळा लावतात. लावा, पण ठोकळा आवळलेल्या बाजूला. सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूला लावलात तर तुकडा ठोकळा आणि पाते यांच्या कैचीत सापडतो आणि उडतो. त्याच बाजूला माप हवे असेल तर ठोकळ्याला टेकवून लांबी ठरवा, लाकूड आवळा आणि कापायच्या आधी ठोकळा काढून घ्या.

एखादा तुकडा आधीच लहान कापून बसलाय आणि अर्धा मिलिमीटर काढायचाय? मायटर बॉक्स (कोनाच्या खाचा पाडलेली पेटी) आणि हातकरवत. किंवा सँडपेपर लावलेली फळी. तिथे मशीन नको.

फणसअळी
जुन्या लाकडाबद्दल लिहिते. आम्ही घर उतरवले तेव्हा निघालेले साग, ऐन, किंजळ यांवर माझे काम चालते.

रिपांतले खिळे दिसतात तेवढेच नसतात. खाऱ्या हवेने डोकी गंजून गळून गेलेली असतात आणि दांडा आत तसाच. लाकडावर पैशाएवढा काळपट निळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असे धरूनच चालायचे. लोखंड आणि लाकडातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, यांचा तो रंग. ऐनाला फार ठळक दिसतो. आधी तारेच्या ब्रशने कौलांची माती, चुना, काजळी साफ करायची, मग चांगले लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवायचे. ओढ लागली की खडूने खूण. स्पीकरमधून काढलेले चुंबक मस्त चालते. पात्याचा कडक कार्बाइडचा दात खिळ्यावर तुटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून चष्मा हवाच, आणि रोजचा नंबरचा चष्मा म्हणजे सुरक्षेचा चष्मा नव्हे.

दुसरे, वादळात पडलेल्या झाडांचे लाकूड. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर फणस-आंब्याच्या फळ्या स्वस्तात मिळाल्या, अनेकांनी घेऊन ठेवल्या. नीट थप्पी न लावता, मध्ये चिपा न घालता ठेवलेल्या फळ्यांना हमखास पीळ येतो. ओल्या फणसाच्या फळीत ताण राहिलेला असतो, कापता कापता फट मिटते. वाळले की नाही हे कळायला मी वजन करते. फळीवर वजन लिहून ठेवायचे, दर महिन्याला परत करायचे, वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार. पावसाळ्यात केलेल्या वजनाला काही अर्थ नाही, आपल्या हवेत तेव्हा वाळलेले लाकूडही पाणी ओढते.

बांबू कापणार असाल तर गोल वस्तू गरकन फिरते. दोन पट्ट्यांची इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून त्यात ठेवून आवळा. माणगा जातीच्या बांबूला पण तेच.

किनारा_४१६
सगळे बोलले, पण मुद्दा गार्डचा निघालाय तर आपल्या किनाऱ्यावरची एक खास गोष्ट कुणी सांगितली नाही. मशीन दुरुस्तीचे काम करतो, म्हणून रोज बघतो.

इथे गार्ड कुणी तारेने न बांधताही वरच अडकून राहतो. खालच्या गार्डला एक बारीक स्प्रिंग आणि एक खिळीवजा पिन असते. खारी हवा, त्यात ओला भुसा, त्यात आंबा-फणसाचा चिकटपणा. एका पावसाळ्यात स्प्रिंग गंजते, पिनेभोवती भुशाचा लगदा घट्ट बसतो आणि गार्ड अर्ध्यावर थांबतो. मालकाला पत्ताच नसतो, कारण गार्ड अर्धा उघडा असला तरी काम होतच असते. दुरुस्तीला मशीन येते ते दुसऱ्याच कारणाने, मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत वगैरे, आणि उघडल्यावर कळते की गार्ड मेलेलाच आहे.

म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी, प्लग काढून, दांडी एकदा खाली-वर करा. वर जाताना गार्डने स्वतःहून खटकन बंद व्हायला हवे. रेंगाळला, हाताने ढकलावा लागला, तर त्या दिवशी काम नाही. कोरड्या ब्रशने पिनेभोवतीचा भुसा काढा, तरी नाही सुधारला तर स्प्रिंग बदला. तिथे ग्रीस किंवा खोबरेल चोपडू नका, भुसा आणखी धरतो. अगदीच तर कोरडे सिलिकॉन किंवा मेण.

काम झाल्यावर टेबलावर मेणबत्ती घासून कापडाने चोळा, लाकूडही सहज सरकते आणि ॲल्युमिनियमवर पांढरे चट्टे येत नाहीत. पाते महिनाभर लागणार नसेल तर काढून सुक्या डब्यात. त्यावर लाकडाचा डिंक बसला असेल तर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून नायलॉन ब्रशने घासा आणि लगेच कोरडे करा. डिंक बसलेले पाते बोथट वाटते, माणूस जोर लावतो, आणि पुढचे रंधादादांनी सांगितलेच आहे.

पडवीकर
किनारा, तुमचे वाचून लगेच जाऊन गार्ड हलवून बघितला. नवीन आहे म्हणून खटकन बसतोय. ही सवय लावून घेतो. सुतारकाकांच्या मशीनचीही तारेखालची स्प्रिंग अशीच गेलेली असणार, म्हणूनच बांधला असेल. तसे असेल तर "स्प्रिंग बदलून आणतो" म्हणून विषय काढता येईल, उपदेश न करता.

किनारा_४१६
अगदी बरोबर ओळखलेत. दहातले बरेचसे असेच असतात. मशीनच्या मॉडेलवरून स्प्रिंग मिळते, फार महाग नसते.

सिस्टर_वेंगुर्ले
मी रुग्णालयात आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे. वाचून अपशकुन वगैरे मानू नका, कागदावर लिहून कार्यशाळेच्या भिंतीवर लावा.

बोट कापले गेले तर: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर. अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. तुटलेला भाग सापडला तर सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही, हळद-चहापूड-कॉफी काही लावायचे नाही. १०८ ला फोन करा. बोट जोडणारे सर्जन प्रत्येक तालुक्याला नसतात, तळकोकणातून बऱ्याचदा घाट चढून कोल्हापूरला किंवा गोव्याला जावे लागते. त्यामुळे निघण्याआधी फोनवर विचारा की तिथे हे काम होते का, उगाच दोन ठिकाणी फिरण्यात वेळ जातो.

एकट्याने मशीन चालवत असाल तर घरात कोणाला तरी सांगून चालवा. दुपारी सगळे झोपलेले असताना कानात हेडफोन घालून नको. कानाला आवाज रोखणारे मफ किंवा बोळे मात्र हवेतच.

आणि भुसा. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, १९९५ मध्येच टाकले आहे. मशीनची पिशवी थोडाच भुसा धरते. एन-९५ मास्क लावा, रुमाल नाही.

गुहागरी_मेवा
सिस्टर, आभार. भिंतीवर लावतोय.

एक शंका. गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे १४ इंची चॉप सॉ पडून आहे, लोखंड कापायचा. त्यात लाकडाचे पाते घालून चालेल का? मशीन दिसायला तसेच आहे.

किनारा_४१६
नाही. तो घासणाऱ्या चकतीसाठी बनवलेला. त्याचा गार्ड ठिणग्या अडवायला असतो, दात झाकायला नाही, आणि पकड लोखंडाच्या सेक्शनसाठी असते. उलटही नको, मायटर सॉमध्ये लोखंड कापायची चकती घातलीत तर ठिणग्या थेट भुशाच्या पिशवीत जातात. ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे तर त्याहून वाईट. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, आणि लाकडाचे पाते एवढ्या वेगासाठी केलेलेच नसते.

पडवीकर
शेवटचे विचारतो. मशीनसोबत ४० दातांचे पाते आले आहे. पट्टीसाठी दुसरे घ्यावे का?

रंधा_आणि_पटाशी
रिपा-वाशांना ४० पुरेसे. पट्टीला आणि जोडाला ६० किंवा ८० दातांचे घ्या. दुकानात टेबल सॉचे (टेबलात बसवलेल्या करवतीचे) पाते गळ्यात मारतील, ते घेऊ नका. त्याचे दात पुढे झुकलेले असतात आणि लाकूड खेचून घेतात. मायटर सॉसाठी दातांचा झुकाव शून्य अंशांच्या जवळ किंवा किंचित मागे हवा, पाकिटावर छापलेला असतो. पात्यावर लिहिलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. मधले भोकही बघा, काही मशीनना २५.४ मिमी लागते, काहींना ३०. ३० चे पाते २५.४ च्या दांड्यावर रिंगशिवाय चढवायचे नाही, आणि पात्यावरचा बाण गार्डवरच्या बाणाच्या दिशेनेच हवा.